माहितीपट काढायचा आणि तो दाखवायला कोर्टात जायचं : आनंद पटवर्धन यांच्या कामाची पद्धत

'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' हा माहितीपट १९९५ साली पूर्ण झाला. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी तो दूरदर्शनवर दाखवला जावा यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ऑगस्ट २००६ उजाडावा लागला. दूरदर्शन म्हणजे सरकारी वाहिनी, आणि पुरस्कार देणारंही सरकारच. मग ही अकरा वर्षं गेली कुठे? या प्रश्नाच्या मागे गेलं की आनंद पटवर्धन यांनी गेली पन्नास वर्षं नेमकं काय केलंय ते कळायला लागतं.

त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत चित्रपटांची यादी असते. साल, नाव, विषय, पुरस्कार. ती वाचून वाटतं की हा माणूस चार-पाच वर्षांनी एक माहितीपट काढतो आणि मधल्या काळात निवांत असतो. माझं म्हणणं असं की मधला काळ हेच त्यांचं निम्मं काम आहे. चित्रीकरण आणि संपादन हा पहिला टप्पा; जे केलंय ते लोकांपर्यंत पोचवणं हा दुसरा, आणि बऱ्याचदा जास्त लांबलेला.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात माहितीपट म्हटलं की एका पिढीला फिल्म्स डिव्हिजन आठवतं. ही सरकारी संस्था १९४८ साली सुरू झाली. मुख्य सिनेमाआधी तिचे छोटे पट दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक होतं. धरणं, कुटुंब नियोजन, शेतीच्या नव्या पद्धती, पंतप्रधानांचे दौरे. तिथे काही चांगले प्रयोगही झाले, पण प्रेक्षकांच्या मनात पक्कं बसलं ते एवढंच, की माहितीपट म्हणजे सरकारने सांगितलेलं आणि सिनेमा सुरू होण्याआधी निमूट बघायचं काहीतरी. सरकारलाच प्रश्न विचारणारा माहितीपट कोण काढणार, त्याला पैसे कोण देणार आणि तो लागणार कुठे, याची सोयच या व्यवस्थेत नव्हती. पटवर्धन आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी सत्तरच्या दशकात ही वाट स्वतः पाडली.

त्यांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. घर स्वातंत्र्यलढ्यातलं, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले समाजवादी नेते अच्युत पटवर्धन हे त्यांचे काका. मुंबईत इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचा काळ होता. सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेबरोबर कॅलिफोर्नियात काही काळ स्वयंसेवक म्हणून काम, परतल्यावर मध्य प्रदेशात 'किशोर भारती' या ग्रामीण शिक्षण प्रकल्पात काम, असा त्यांचा प्रवास आहे. फिल्म इन्स्टिट्यूट त्यात कुठेच नाही. चळवळीत असलेल्या माणसाच्या हाती कॅमेरा आला, असा क्रम आहे, आणि पुढे त्यांच्या चित्रपटांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा या क्रमातून होतो.

१९७४ साली जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली बिहारमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा ते पाटण्याला गेले. उसना सुपर-८ कॅमेरा घेऊन त्यांनी मोर्चे टिपले. सुपर-८ हे घरगुती चित्रीकरणाचं छोटं माध्यम, ते मोठ्या पडद्यावर नेता येत नाही. म्हणून टिपलेलं दृश्य पडद्यावर टाकून ते १६ मिमीच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपायचं, असा जुगाड त्यांनी केला. चित्र खरखरीत आलं. 'क्रांति की तरंगें' तयार झाला आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. आता हा चित्रपट जवळ बाळगणंही धोक्याचं होतं. प्रिंटचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांबरोबर देशाबाहेर पाठवले गेले. पटवर्धन कॅनडात मॅकगिल विद्यापीठात शिकायला गेले, तिथे तुकडे जोडले आणि आणीबाणीविरोधी सभांमधून तो दाखवला. एम.ए.चा प्रबंधही त्यांनी याच चित्रपटाच्या अनुभवावर लिहिला.

म्हणजे दाखवण्याची लढाई पहिल्याच चित्रपटापासून सुरू झाली होती. पुढे फक्त तिचं स्वरूप बदललं. तस्करीच्या जागी रिट याचिका आली. आणीबाणी उठल्यावर राजकीय कैद्यांवरचा 'जमीर के बंदी' (१९७८) आला, कॅनडातल्या पंजाबी शेतमजुरांच्या संघटनेवर जिम मन्रो यांच्यासोबत एक चित्रपट झाला, आणि मग ते मुंबईकडे वळले.

'हमारा शहर' (१९८५) झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीवर आहे. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मात्र महापालिकेला पाडकाम करण्यापासून कायमचं रोखलं नव्हतं. हा चित्रपट त्या निकालाच्या जमिनीवरची बाजू दाखवतो. एकीकडे उच्चभ्रू वस्तीतले लोक आणि अधिकारी शहर 'स्वच्छ' करण्याबद्दल बोलतात, दुसरीकडे पावसात उघड्यावर पडलेले संसार.

यातला एक प्रसंग माहितीपट शिकवताना हमखास दाखवला जातो. नुकतंच घर पाडलं गेलेली एक बाई कॅमेऱ्यावरच चिडते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग, असा तिचा रोख. पटवर्धन यांना तो तुकडा सहज कापता आला असता. संपादन त्यांच्याच हातात होतं. त्यांनी तो ठेवला. मला हा निर्णय त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठा वाटतो, कारण राजकीय माहितीपटावरचा सर्वांत कडक आक्षेप त्यांनी स्वतःच्याच चित्रपटात, ज्या बाईला तो घ्यायचा पूर्ण हक्क होता तिच्या तोंडून येऊ दिला. १९८६ साली या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नरिमन पॉइंटजवळच्या संजय गांधी नगरच्या विस्थापितांना पर्यायी जागा मिळावी म्हणून झालेल्या उपोषणात शबाना आझमींबरोबर पटवर्धनही बसले होते. त्या कुटुंबांना पुढे गोरेगावात दिंडोशीला जागा मिळाली. त्या बाईच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर होतं असं मी म्हणणार नाही, पण कॅमेरा बंद झाल्यावर हा माणूस घरी गेला नाही एवढं नक्की.

आता त्यांची शैली. टीव्हीवरच्या मुलाखतीत पत्रकार समोरच्याला पकडायला बघतो, आवाज चढतो. पटवर्धन यांच्या चित्रपटांत कॅमेऱ्यामागून एक शांत आवाज येतो आणि अगदी साधा, थोडा भाबडा वाटणारा प्रश्न विचारतो. मग ते गप्प बसतात. अयोध्येवरच्या 'राम के नाम' (१९९२) मध्ये मंदिर त्याच जागी व्हावं म्हणून निघालेल्या तरुणांना ते विचारतात, रामाचा जन्म कधी झाला? मुलं एकमेकांकडे बघतात. कोणी काही तरी शतक सांगू बघतो, कोणी हसतो. कुणाचा अपमान झालेला नसतो, वादही झालेला नसतो. पण ठाम घोषणेच्या मागे किती माहिती आहे, ते पडद्यावर दिसून जातं.

याच चित्रपटात पुजारी लालदास आहेत. वादग्रस्त जागेवरच्या मंदिराचे न्यायालयाने नेमलेले पुजारी. ते कॅमेऱ्यासमोर निर्भीडपणे सांगतात की हा सगळा खेळ सत्तेचा आणि पैशाचा आहे, भक्तीचा त्याच्याशी संबंध नाही. १९९२ साली त्यांना पदावरून काढण्यात आलं आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. मशीद पाडली गेली त्याआधीच हा चित्रपट तयार होता. म्हणून आज तो बघताना अंगावर काटा येतो. त्यातल्या माणसांना पुढचं माहीत नाही, आपल्याला आहे.

आता कायद्याकडे येऊ. हा भाग किचकट वाटतो, पण एकदा समजला की पटवर्धन यांची निम्मी कारकीर्द समजते.

१९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा म्हणतो की चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवायचा तर केंद्रीय प्रमाणन मंडळाचं, म्हणजे सेन्सॉरचं, प्रमाणपत्र हवं. यातून माहितीपट सुटत नाहीत. पुस्तक छापायला आधी परवानगी लागत नाही, वर्तमानपत्राला लागत नाही, मग चित्रपटालाच का? हाच प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांवरच्या आपल्या छोट्या माहितीपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात नेला होता. १९७० साली न्यायालयाने सांगितलं की चित्रपटाचा परिणाम वेगळा आणि तीव्र असतो, त्यामुळे आधी तपासणी करणं घटनेला धरून आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद १९ मध्येच 'वाजवी निर्बंधां'ची तरतूद आहे, तिचा हा आधार. तेव्हा मुळात सेन्सॉर असावं की नसावं हा वाद कोर्टात संपल्यातच जमा होता. उरला तो दुसरा प्रश्न : या चित्रपटातला हा कट वाजवी आहे का? पटवर्धन यांनी हा दुसरा प्रश्न पुन्हा पुन्हा लढवला.

वाट अशी असते. आधी तपासणी समिती चित्रपट बघते. ती कट सुचवते. निर्मात्याला मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती. तिथेही जमलं नाही तर अपील न्यायाधिकरण, आणि त्यानंतर उच्च न्यायालय. २०२१ मध्ये न्यायाधिकरण बरखास्त झालं, तेव्हापासून थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. कमी पैशांत काम करणाऱ्या छोट्या निर्मात्याला हा फरक खिशाला जाणवतो.

'जंग और अमन' (२००२) हा १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतरचा चित्रपट. भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिकेत चित्रित झालेला. २००२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला. सेन्सॉरने मात्र आधी सहा कट सांगितले; पुनरीक्षण समितीकडे गेल्यावर ते एकवीस झाले. दाद मागायला जावं आणि शिक्षा वाढून मिळावी, असा प्रकार. न्यायाधिकरणाने त्यातले बहुतेक काढून टाकले, पण थोडे ठेवले. पटवर्धन यांना तेही मान्य नव्हते. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली चित्रपट एकही कट न होता मोकळा झाला.

एवढ्यावर भागत नाही. प्रमाणपत्र म्हणजे दाखवायला हरकत नाही एवढंच. दाखवण्याची जागा त्यातून मिळत नाही. चित्रपटगृहं माहितीपट लावत नाहीत. देशभरातल्या घराघरांत पोचेल असं एकच ठिकाण तेव्हा होतं, दूरदर्शन. इथे पटवर्धन यांनी राष्ट्रीय पुरस्काराचा फार हुशारीने उपयोग केला. पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवण्याचं दूरदर्शनचं धोरण होतं. मग त्यांचा युक्तिवाद सरळ होता : तुमच्याच मंडळाने प्रमाणपत्र दिलं, तुमच्याच परीक्षकांनी पुरस्कार दिला, आता तुमचीच वाहिनी कोणत्या नियमाने नाकारते? 'हमारा शहर' आणि 'राम के नाम' या दोन्हींसाठी ते असे उच्च न्यायालयात गेले आणि दोन्ही दाखवले गेले.

'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चित्रपट दोन भागांत आहे. जातीय हिंसेचं आणि पुरुषीपणाच्या कल्पनेचं नातं काय, हा त्याचा विषय. त्यात सतीप्रथेचं उदात्तीकरण करणारे लोक आहेत तसे रस्त्यावर 'मर्दानगी'ची औषधं विकणारेही आहेत. पहिल्या भागाला यू (सर्वांसाठी) आणि दुसऱ्याला ए (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र होतं. दूरदर्शनचं म्हणणं, ए प्रमाणपत्राचा चित्रपट आम्ही कसा दाखवू, आणि यातून तेढ वाढेल. न्यायालयाने ते मानलं नाही. सुटी दृश्यं वेचून नव्हे तर चित्रपट सलग बघून, आणि सर्वसाधारण समंजस प्रेक्षकाच्या नजरेने त्याचा विचार व्हायला हवा, हा निकालाचा गाभा. हा निकाल आता फक्त पटवर्धन यांचा राहिलेला नाही. ज्या कुणाचा चित्रपट एखाद्या दृश्यावरून अडतो, त्याच्या वकिलाला तो हाताशी असतो.

राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये परत केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला विद्यार्थ्यांचा संप आणि विवेकवादी लेखक-कार्यकर्त्यांचे खून या पार्श्वभूमीवर काही चित्रपटकर्मींनी मिळून पुरस्कार परत केले, त्यात ते होते. तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच टिंगल झाली. ज्यांनी तो पुरस्कार वर्षानुवर्षं कोर्टात पुरावा म्हणून वापरला होता, त्यांना त्याची किंमत टिंगल करणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती, एवढं तरी मानायला हरकत नाही.

महोत्सवांचीही एक गोष्ट आहे. २००४च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करण्याचा घाट घातला गेला. परदेशी चित्रपटांना मात्र ती अट नव्हती. विरोध झाला, अट मागे घेतली गेली, पण मग निवड यादीतून अनेक टोकदार माहितीपट गळाले. तेव्हा दिग्दर्शकांनी एकत्र येऊन प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला. पटवर्धन त्यात पुढे होते.

पैशांबद्दल थोडक्यात. छोटा चमू, बऱ्याचदा कॅमेरा आणि संपादन स्वतःच, कुणाची घाई नाही. व्हीएचएस आणि डीव्हीडी स्वतः विकायच्या, परदेशी विद्यापीठं आणि वाहिन्यांकडून हक्कांचे पैसे येतात ते पुढच्या चित्रपटात घालायचे. प्रायोजक नसल्यामुळे चित्रपट कधी संपवायचा हे सांगणाराही कुणी नसतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. 'हमारा शहर'मध्ये ज्यांचा आवाज आहे ते हेच घोगरे. मित्र गेला, आणि पटवर्धन यांनी कॅमेरा उचलला तो चौदा वर्षं ठेवला नाही. चित्रपट २०११ साली पूर्ण झाला.

चौदा वर्षं लागण्याचं एक कारण खटला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं तेच २००९ साली. कोर्टाच्या तारखांबरोबर चित्रपटही पुढे सरकत राहिला. पण या चौदा वर्षांनी आणखी एक गोष्ट झाली. मूळ विषय होता एका शाहिराचा मृत्यू. होता होता ती महाराष्ट्रातल्या आंबेडकरी गाण्याची गोष्ट झाली. भीमजयंतीची गाणी, वस्तीतले जलसे, डाव्या चळवळीशी असलेलं घोगऱ्यांचं अवघड नातं, आणि शेवटाकडे कबीर कला मंच या पुण्याच्या शाहिरी गटातली शीतल साठे व तिचे साथी. ही मुलं नक्षलवादाच्या आरोपांमुळे भूमिगत झाली. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्याला त्यांनी सत्याग्रह म्हटलं. त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या समितीत पटवर्धन होते. इथेही चित्रपट संपल्यावर काम संपलं नव्हतं.

'जय भीम कॉम्रेड'चे खेळ वस्त्यांमध्ये, उघड्यावर पडदा लावून झाले. तीन तासांचा माहितीपट लोक शेवटपर्यंत बघत बसले, कारण त्यात त्यांची गाणी होती.

टीकेचंही बोलायला हवं. पटवर्धन तटस्थ नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. ते कुठल्या बाजूला आहेत हे पाचव्या मिनिटाला कळतं. त्यांचे चित्रपट आधीच पटलेल्या लोकांसाठी असतात, हा आक्षेप जुना आहे. वस्तीतल्या आणि कॉलेजातल्या खेळांमुळे मला तो अर्धाच पटतो. पण चित्रपट उत्तरोत्तर लांबत गेले हे खरं, आणि 'विवेक' (२०१८) तर चार तासांच्या आसपास जातो. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनांपासून रोहित वेमुलापर्यंत तो एवढं काही कवेत घेतो की काही प्रकरणं स्वतंत्र चित्रपट व्हायला हवी होती असं वाटत राहतं. ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला, म्हणजे परीक्षकांना तसं वाटलं नसावं.

'विवेक'साठी पुन्हा कोर्ट आलंच. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात तो दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाने सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट नाकारली; महोत्सवात प्रमाणपत्र नसलेले चित्रपट अशा सुटीवर दाखवले जातात. केरळ उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि खेळ झाला. दरम्यान त्याचे भाग यूट्यूबवरही आले होते. दूरदर्शनसाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या माणसाला आता फोनवरून थेट प्रेक्षक मिळतो. पण तिथे कट सांगणारी समिती नाही तशी दाद मागायची जागाही नाही. आणि पडदा लावून एकत्र बघायचं म्हटलं की जुनाच प्रश्न उभा राहतो : 'राम के नाम'कडे यू प्रमाणपत्र, राष्ट्रीय पुरस्कार आणि दूरदर्शनवरचं प्रसारण असं सगळं असूनही २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात तो बघणाऱ्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं.

यातलं काहीच पाहिलं नसेल तर 'राम के नाम'पासून सुरुवात करा. दीड तासाच्या आत संपतो. मग 'हमारा शहर' आणि लगेच 'जय भीम कॉम्रेड', म्हणजे घोगऱ्यांचा आवाज आधी ऐकलेला असेल. 'विवेक' एका बैठकीत बघायचा हट्ट धरू नका. आणि २०२३चा 'वसुधैव कुटुंबकम्' सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात पटवर्धन यांचे आईवडील आहेत, शांतिनिकेतनात शिकलेली, मातीची भांडी घडवणारी आई आहे, स्वातंत्र्यलढ्यातले काका आहेत. कॅमेऱ्यामागचा तोच शांत आवाज इथे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारतो आणि ती माणसं त्याला मधूनच गप्प करतात.